खिडकीत ठेवलंय म्हणजे कुठे?

"चष्मा कुठे ठेवलास गं?"

"खिडकीत."

आपल्या घरांत हा संवाद रोज होतो आणि चष्मा लगेच सापडतोही. पण जरा थांबून विचार केला, तर खिडकी म्हणजे भिंतीतली मोकळी जागा, हवा-उजेडासाठी सोडलेली पोकळी. पोकळीत चष्मा राहील कसा? तो राहतो खिडकीच्या तळाशी असलेल्या आडव्या पट्टीवर. गवंडी तिला 'सिल' म्हणतो, घरातली माणसं 'कट्टा' म्हणतात आणि बहुतेक वेळा काहीच म्हणत नाहीत. मराठीनं हा सगळा कट्टा 'खिडकीत' या शब्दातल्या एका 'त'मध्ये बसवून टाकला आहे. डोक्यावरच्या छज्ज्याला नाव आहे, दाराच्या उंबरठ्याला नाव आहे, त्याची पूजाही होते. खिडकीचा उंबरठा मात्र बिननावाचा राहिला. म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आता दुसरं कोडं. पावसाळा संपला की रस्त्यावर उभं राहून समोरच्या कोणत्याही दहा-पंधरा वर्षं जुन्या इमारतीकडे बघा. भिंतीवर काळपट ओघळ दिसतील. ते भिंतभर सारखे पसरलेले नसतात. बरेचसे खिडक्यांच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून सुरू होतात आणि मिशांसारखे खाली उतरतात. आतल्या बाजूला, नेमक्या त्याच जागी, रंगाचे पोपडे सुटलेले असतात. पाऊस तर सगळ्या भिंतीवर पडतो. मग ओल खिडकीखालीच का?

दोन्ही कोड्यांचं उत्तर त्या बिननावाच्या कट्ट्यात आहे.

पाणी खिडकीपाशीच का जमतं

भाजलेली वीट पाणी पिते. विटांच्या भारतीय मानकानुसार साधारण प्रतीची वीट 24 तास पाण्यात बुडवून ठेवली, तर तिनं स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये, अशी मर्यादा आहे. म्हणजे तीन किलोची वीट सहाशे मिलिलिटरपर्यंत, दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीपेक्षाही जास्त पाणी पोटात घेऊ शकते आणि तरीही ती 'चांगली वीट' ठरते. चहात बिस्किटाचं टोक बुडवलं की चहा वर चढतो, तसंच हे आहे. बारीक पोकळ्यांमधून पाणी आपोआप पुढे सरकतं, वरच्या दिशेनंही. शाळेत आपण याला केशाकर्षण म्हणायला शिकलो.

भिंतीवर गिलावा असतो, त्यावर रंग असतो. हलका पाऊस आला तर तिथं थोडं पाणी मुरतं, थोडं वाळून जातं. काच मात्र थेंबभरही पाणी पीत नाही. चार फूट उंच तावदानावर जितकी झड बसते, ती सगळी खाली घसरते आणि तळाच्या एका रेषेवर गोळा होते. छपराला जशी पन्हळ, तसा तावदानाला कट्टा. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे 2,300 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला वाऱ्यानं तिरपा होऊन काचेवर आपटणारा वाटा या कट्ट्यावरून वाहतो.

तेव्हा खिडकीच्या कट्ट्याचं पहिलं काम वस्तू ठेवण्याचं नाही. गोळा झालेलं पाणी भिंतीला शिवू न देता लांब टाकणं, हे त्याचं खरं काम आहे. वस्तू ठेवणं ही आपण नंतर घेतलेली सवलत.

ढाळ, आणि मग बोटभर खाच

पाणी लांब टाकण्यासाठी पहिली गोष्ट लागते ती ढाळ. बाहेरच्या बाजूला कट्टा किंचित उतरता हवा. दर दहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार असला तरी पुरतो. आतला कट्टा बाहेरच्यापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे पाण्याला आत यायचं तर पायरी चढावी लागेल. इतकं बहुतेक गवंडी करतात. कट्ट्याचा दगड, तो कडप्पा असो वा ग्रॅनाइट, भिंतीच्या बाहेर दीड-दोन इंच काढलेला असतो, तोही याच कारणासाठी.

तरीही भिंत ओली होते. कारण दगडाच्या कडेपर्यंत आलेलं पाणी तिथून सरळ खाली पडेलच असं नाही.

कपातला चहा बशीत हळूहळू ओतून बघा. भसकन ओतला तर चहा बशीत पडतो. हळू ओतला तर तो कपाची कड सोडत नाही, बाहेरच्या अंगानं ओघळत कपाच्या बुडाशी येतो आणि टेबलावर ठिपका उमटतो. या साध्या गोष्टीनं भौतिकशास्त्रज्ञांनाही बराच काळ विचारात पाडलं होतं. मार्कुस रायनर या शास्त्रज्ञानं 1956 मध्ये तिच्यावर लिहिलं आणि 'किटलीचा परिणाम' हे नाव तिला चिकटलं. मुळाशी आहे ती पाण्याची चिकटून राहण्याची ओढ. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, म्हणून थेंबाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. याला पृष्ठताण म्हणतात. तेच कण दगडालाही धरून राहतात. वेग कमी असेल तर ही पकड जिंकते आणि पाणी कडेला वळसा घालून दगडाच्या पोटाखाली शिरतं. तिथं ते उलटं लटकत, सरपटत मागे जातं आणि भिंतीला भेटतं.

म्हणून कट्टा नुसता बाहेर काढून भागत नाही. त्याच्या पोटाला, बाहेरच्या कडेपासून इंचभर आत, कडेला समांतर अशी एक खाच लागते. दगडाच्या खालून सरपटत आलेलं पाणी या खाचेपाशी पोचलं की अडतं. पुढे जायचं तर त्याला खाचेत वर चढावं लागेल आणि लटकणाऱ्या पाण्याला वजनाविरुद्ध वर चढणं जमत नाही. ते खाचेच्या ओठावर साठतं, थेंब जड होतो आणि टपकन सुटतो. कौलांच्या कडेवरून पागोळ्या गळतात, तशाच पागोळ्या इथं खिडकीखाली गळाव्यात, एवढंच या खाचेचं काम.

खाच किती रुंद असावी, यालाही कारण आहे. लटकणारा थेंब साधारण पाच-सहा मिलिमीटर रुंद होतो. खाच त्याहून अरुंद असेल तर थेंब तिच्यावर पूल बांधतो आणि पाणी पलीकडे जातं. म्हणून खाच निदान करंगळीच्या रुंदीची, सेंटिमीटरभर हवी. मला या खाचेचं फार अप्रूप वाटतं. तिला वीज लागत नाही, रसायन लागत नाही, देखभाल जवळजवळ शून्य आणि ती भिंतीचं आयुष्य कित्येक वर्षांनी वाढवते.

दुर्दैवानं ती दिसत नाही आणि न दिसणारी गोष्ट सगळ्यात आधी बुजते. मी एकेकाळी राहत होतो त्या इमारतीला बाहेरून नवा रंग दिला गेला. रंगाऱ्यानं मोठ्या निगुतीनं सगळ्या भेगा लांबीनं भरल्या आणि त्याच हातासरशी खिडक्यांखालच्या खाचाही भरून सपाट केल्या. त्याला त्या गवंड्याची चूक वाटल्या असणार. पुढच्या श्रावणात माझ्या पलंगामागची भिंत फुगली. दोन वर्षांत तिला लोणा लागला. विटांमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर आले, पाणी उडून गेलं आणि मागे पांढरी भुकटी राहिली. रंग पुन्हा दिला, तो पुन्हा सुटला. भिंतीला औषध शेवटी भिंतीत सापडलं नाही, तर कट्ट्याच्या पोटाखाली सापडलं. खाच पुन्हा कोरल्यावर ओल थांबली.

आणि ओघळ कोपऱ्यांतूनच का? कट्ट्यावरचं पाणी पुढे जातं, तसंच दोन्ही टोकांकडेही पसरतं. जिथं दगडाचं टोक बाजूच्या भिंतीला भिडतं, तो सांधा सगळ्यात कच्चा. तिथं बोटभर उंचीचा बांध हवा किंवा दगडाचं टोक भिंतीत चार इंच घुसवलेलं हवं. दोन्ही नसेल तर काचेवरची सगळी धूळ घेऊन पाणी तिथूनच उतरतं. त्या ओल्या वाटेवर शेवाळ धरतं, उन्हाळ्यात ते वाळून काळं पडतं. ती खिडकीची मिशी.

वारा पाण्याला वर ढकलतो

सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांत आणखी एक गंमत घडते. खिडकी घट्ट बंद असते आणि तरी जोराच्या पावसात रुळातून पाणी बुडबुडे काढत आत येतं. लोक म्हणतात, "रबर खराब झालं." पुष्कळदा दोष रबराचा नसतो.

शहाळ्यात नळी घालून आपण पाणी ओढतो, तेव्हा तोंडातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. वादळी वाऱ्यात घराच्या बाबतीत हेच होतं. बाहेरून वारा काचेवर दाबतो, आत दाब कमी असतो. ताशी 60 किलोमीटर वेगाचा वारा समोरून आदळला, तर त्याचा दाब सुमारे 17 मिलिमीटर उंच पाण्याचा थर पेलू शकतो. रुळाची आतली कड तेवढीच किंवा त्याहून ठेंगणी असेल, तर रुळात साचलेलं पाणी वाऱ्याच्या जोरावर ती कड ओलांडणारच.

उपाय रुळात आधीच केलेला असतो. बाहेरच्या अंगाला, खालच्या बाजूला, लहान भोकं किंवा चिरा असतात. पाणी साचण्याआधीच त्यांतून निघून जावं, अशी ती योजना आहे. धूळ, मेलेल्या मुंग्या, पारव्यांची पिसं यांनी ती बुजतात. जुन्या दात घासायच्या ब्रशनं आणि काडीनं ती मोकळी केली की निम्म्या तक्रारी मिटतात.

चौकट : धडधाकट कट्टा कसा ओळखावा

• ढाळ बाहेरच्या बाजूला. वाटीभर पाणी ओतलं तर ते खिडकीकडे परत येत नाही.
• दगड भिंतीच्या बाहेर निदान दीड इंच आलेला.
• पोटाखाली करंगळीएवढी मोकळी खाच. तिच्यात लांबी, सिमेंट वा रंगाचा थर नाही.
• दोन्ही टोकांचे सांधे बंद.
• सरकत्या खिडकीच्या रुळाची भोकं उघडी.

भिंत बारीक झाली, कट्टा आटला

कट्ट्याची रुंदी कुणी ठरवत नाही, ती भिंतीची जाडी ठरवते. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या माती-विटांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड असत, कारण वरचा भार त्या भिंतींना पेलायचा असे. तेवढीच खोल खिडकी. तिच्यात मूल मांडी घालून बसे, आजी निवडायला ताट घेऊन बसे. त्या खिडकीला वेगळं बसायचं आसन करावंच लागत नव्हतं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतही खिडकीच्या पोकळीत समोरासमोर दोन बैठका बांधलेल्या आढळतात.

काँक्रीटचे खांब आणि तुळया आल्यावर भिंतीवरचा भार गेला. आधी नऊ इंचांची आणि आता सहा इंचांची भिंत पुरते. त्यात चौकट बसली की आत उरतो तीन-चार इंचांचा काठ, म्हणजे चष्मा मावेल, माणूस मावणार नाही.

ही गमावलेली जागा परत मिळवण्याची धडपड मुंबईच्या इमारतींवर लिहिलेली आहे. बाहेर काढलेल्या पेटीसारख्या जाळ्या आणि खिडकीबाहेरचे फुलझाडांचे वाफे हे त्याचेच प्रकार. हे वाफे अनेक वर्षं चटई क्षेत्रात धरले जात नव्हते. त्यामुळे बांधकाम व्यावसायिक ते मोठे काढत आणि राहणारे लोक नंतर ते खोलीत सामावून घेत. जानेवारी 2012 मध्ये विकास नियंत्रण नियमावली बदलली आणि अशा जागा चटई क्षेत्रात मोजायला सुरुवात झाली. आता कट्ट्याच्या प्रत्येक चौरस फुटाला भाव आहे.

बाहेर काढलेल्या जाळीबद्दल एक गोष्ट मात्र ठाम सांगायला हवी. ती तरफेसारखी वागते. वजन जितकं भिंतीपासून लांब, तितका वरच्या बोल्टवर ओढा जास्त. दीड फूट बाहेर ठेवलेली पाण्यानं भरलेली बादली त्या बोल्टला स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी मोठी वाटू शकते. जाळी कपडे वाळवायला आहे, गोदामासाठी नाही.

माठ, विरजण आणि लोणच्याची बरणी

घरातल्या जाणत्या बायकांनी खिडकीचे उपयोग अनुभवानं ठरवले. त्यांच्यामागे पक्कं शास्त्र आहे.

माठ खिडकीत का? माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं आणि वाफ होऊन उडतं. उडताना लागणारी उष्णता ते माठातल्या पाण्याकडून घेतं. माठाभोवतीची हवा थोड्याच वेळात वाफेनं भरते आणि काम मंदावतं. खिडकीतली झुळूक ती ओली हवा काढून कोरडी हवा आणत राहते. म्हणून सावलीतल्या, वारा खेळणाऱ्या खिडकीत माठ सगळ्यात गार होतो. पावसाळ्यात हवाच ओलीगच्च असते, तेव्हा कुठंही ठेवला तरी तो गार होत नाही.

थंडीत दही लागत नाही, त्याचं एक कारण दगडी कट्टा असू शकतो. ग्रॅनाइट लाकडापेक्षा दहा-पंधरा पट वेगानं उष्णता ओढतो. कोमट दुधाचं पातेलं त्यावर ठेवलं तर बुडातून ऊब निघून जाते आणि विरजणाचे जिवाणू मंदावतात. पातेल्याखाली जाड फडकं घातलं की फरक पडतो. कट्टा हाताला गार लागतो तो खोलीपेक्षा थंड असतो म्हणून नव्हे. तो आपल्या हाताची उष्णता भराभर नेतो, म्हणून.

लिंबाच्या लोणच्याची बरणी मात्र दक्षिणेच्या खिडकीत, आणि थंडीतच. याचं गणित सुंदर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसत्तेचाळीस अंश वर असतो, दक्षिणेला कललेला. त्यामुळे छज्ज्याखालून ऊन सरळ आत येतं, कट्टा पूर्ण न्हाऊन निघतो आणि जमिनीवर साडेचार-पाच फूट आतपर्यंत कवडसा पडतो. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या कट्ट्यावर दुपारचं थेट ऊन पडतच नाही. छाती जाळतं ते पश्चिमेच्या खिडकीतलं तिसऱ्या प्रहराचं ऊन, कारण ते खालून येतं आणि छज्जा त्याला अडवू शकत नाही.

औषधांच्या गोळ्या कट्ट्यावर कधीही ठेवू नयेत. ऊन आणि दमट हवा, दोन्ही त्यांना मारक. आणि बंद काचेमागे कोवळ्या उन्हात बसून 'ड' जीवनसत्त्व मिळेल, हाही गैरसमज आहे. त्यासाठी लागणारे अतिनील किरण साधी काच बहुतेक सगळे अडवते. खिडकी उघडून बसा.

रोपं आणि पारवे

खोलीच्या मध्यभागी आपल्याला लख्ख दिसतं, म्हणून वाटतं की झाडालाही तिथं पुरे. डोळा फसवतो. बाहेर भर उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. खोलीच्या मध्यात तो काही शेकड्यांवर येतो. बाहुली मोठी होऊन आपली सोय करते, पानाला ती सोय नाही. पुदिना, तुळस, गवती चहा यांना घरात जगायचं असेल तर कट्टाच हवा. तिथंही रोप काचेकडे झुकतं. देठाच्या सावलीतल्या बाजूला ऑक्झिन नावाचं वाढीचं द्रव्य जास्त जमतं, ती बाजू लांबते आणि देठ उजेडाकडे वळतो. आठवड्यातून एकदा कुंडी अर्धी फिरवली की रोप सरळ राहतं.

कट्टा पारव्यालाही हवा असतो. पारवा मुळातला कडेकपारींत घरटं करणारा पक्षी. आपली इमारत त्याला कड्यासारखी दिसते आणि प्रत्येक खिडकी ही कपार. चार काड्या टाकल्या, दोन अंडी घातली, साधारण अठरा दिवसांत पिल्लं, मग महिनाभर मुक्काम. त्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. कडप्पा हा चुनखडीचा दगड असल्यामुळे तिनं खरवडला जातो. शिवाय वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसांना सूज येणारा गंभीर आजार होऊ शकतो. पक्ष्याला इजा न करता त्याला वळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे बाहेरचा कट्टा तिरपा करणं. पंचेचाळीस अंशांहून जास्त उतारावर काडी टिकत नाही आणि मग तो दुसरी जागा शोधतो. घरट्यात अंडी वा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावं.

बाहेरची कुंडी

जाळी नसलेल्या खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर कुंडी ठेवू नका. कट्ट्याला बाहेर ढाळ असतो, हे आपण पाहिलं. ओल्या ढाळावरची कुंडी वाऱ्यानं, मांजरानं किंवा पडद्याच्या झटक्यानं सरकते. चौथा मजला जमिनीपासून सुमारे 12 मीटर. तिथून सुटलेली कुंडी दीड सेकंदात खाली पोचते, तेव्हा तिचा वेग ताशी 55 किलोमीटरच्या आसपास असतो. खालून जाणाऱ्याला वर बघायलाही वेळ मिळत नाही. घरात लहान मूल असेल आणि कट्टा तीन फुटांपेक्षा ठेंगणा असेल, तर गज हवेतच, आणि कट्ट्यालगत पलंग वा स्टूल नको.

मृग लागायला अजून अवकाश असेल, तर एका संध्याकाळी खाली रस्त्यावर जाऊन उभे राहा आणि आपल्या खिडक्यांखालच्या मिशा मोजा. ज्या खिडकीखाली ओघळ आहे, तिची खाच बुजलेली आहे, कधी कोरलीच नव्हती किंवा तिच्या कट्ट्याच्या टोकांचे सांधे उघडे आहेत. बाहेर वाकून स्वतः बघायला जाऊ नका. इमारतीला रंग देण्यासाठी पहाड बांधतील, तेव्हा गवंड्याला प्रत्येक कट्ट्याच्या पोटाखाली बोट फिरवायला सांगा. जिथं खाच कोरता येत नाही, तिथं कडेखाली पातळ अ‍ॅल्युमिनियमची कोनपट्टी चिकटवून घ्या. तिच्या खालच्या धारेवरूनही पाणी तसंच सुटून पडतं.